पुठ्ठ्यावरच्या दहा कॅपा

रिजेक्टसाहेबांना घाणीचा तिटकारा होता, एवढंच म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. तिटकारा माणसाला अधूनमधून येतो; साहेबांना तो सकाळी डोळे उघडल्यापासून असायचा. कपाच्या कडेला सुकलेला चहाचा थेंब, शेजाऱ्याच्या सायकलची गंजलेली चेन, वर्तमानपत्राची वाकडी घडी, कशानेही त्यांच्या कपाळावर आठी चढायची. पंप बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. समोर आलेला भाग मोजायचा आणि मापात नसेल तर बाजूला फेकायचा, हे काम. कामगारांनी पाठीमागे ठेवलेलं ‘रिजेक्टसाहेब’ हे नाव कानावर आलं तेव्हा त्यांना राग यायच्या ऐवजी बरंच वाटलं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते रोज चाळीस सेकंद मागे पडतं म्हणून साहेबांनी ते दुसऱ्याच आठवड्यात परत नेऊन दिलं.

आता नापास करायला घरच उरलं होतं. बायकोने त्यावर फार पूर्वीच उपाय शोधला होता: ती ऐकायचीच नाही. तावडीत सापडायची ती मुलगी.

मुलगी बत्तीस वर्षांची. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. साहेबांना त्या कामाची शिसारी यायची. कोणाकोणाच्या तोंडात घालून काढलेले ते साचे, त्यावर उमटलेल्या त्या हिरड्या! जेवताना तिने कामाचा विषय काढला की ते ताट पुढे सरकवून उठायचे. बिचारी केसाच्या जाडीत घासकाम करायची, चावताना टोचणारा दात नेमका तेवढाच कमी करायची. हे काम आपल्याच कामाचं सख्खं भावंड आहे, हे साहेबांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. ‘काहीतरी घाण करत असते’ हे तिच्याबद्दलचं त्यांचं मत, आणि ते त्यांनी नातेवाइकांत, शेजारात आणि तिच्या तोंडावर सारख्याच मोकळेपणाने सांगितलं होतं.

त्यात तिने ती गाडी आणली. दोन दारांची, तीस वर्षं जुनी. एके काळी वेगासाठी नावाजलेली, आता जिचे सुटे भागही कोणी बनवत नव्हतं. सहा वर्षांची बचत तिने त्या पत्र्यात घातली. शहराबाहेरच्या टेकडीवर दर वर्षी जुन्या गाड्यांची चढाची शर्यत व्हायची, तीत तिला उतरायचं होतं, आणि त्यासाठी इंजिनाचे दोन्ही कॅमशाफ्ट बदलायचे होते. कॅमशाफ्ट म्हणजे अंड्यासारखे उंचवटे असलेला लांब दांडा. तो फिरतो तसे उंचवटे व्हॉल्व्ह दाबतात आणि इंजिन श्वास घेतं. जास्त उंच उंचवटे असलेले शाफ्ट घातले की इंजिन जास्त मोठा श्वास घेतं. गॅरेजवाल्यांनी हात झटकले तेव्हा तिने घरामागच्या शेडमध्ये स्वतःच पाने हातात घेतले.

साहेब रोज संध्याकाळी शेडच्या दारात हात मागे बांधून उभे राहायचे आणि नाक मुरडायचे. बोल्ट सैल करताना पाना असा धरतात का, फडकं किती मळलंय, पाय कुठे ठेवलाय. मुलगी ‘हो बाबा’ म्हणायची आणि काम चालू ठेवायची. एकदाच तिने विचारलं, तुम्ही आत येऊन करता का माझ्याबरोबर? तेव्हा साहेब म्हणाले की असल्या उकिरड्यात ते पाय ठेवणार नाहीत.

शुक्रवारी तिने जुने शाफ्ट बाहेर काढले. प्रत्येक शाफ्टला वरून पाच कॅपा धरून ठेवतात, म्हणजे अर्धगोल खाच असलेले तळहाताएवढे अॅल्युमिनियमचे ठोकळे. अशा दहा. तिने एका पुठ्ठ्यावर इंजिनाचं वेडंवाकडं चित्र काढून प्रत्येक कॅप आपापल्या जागी ठेवली, आणि शनिवारी सकाळी कामावर गेली. दुपारी तीनला येणार होती.

दहाच्या सुमारास साहेब शेडमध्ये गेले. बघावं म्हणून गेले, आणि बघून त्यांनी नाकाला रुमाल लावला. कॅपांवर जळक्या तेलाचा डांबरासारखा थर होता. पुठ्ठा तेल पिऊन लिबलिबीत झाला होता, त्यावर एक माशी चिकटून मेली होती, आणि मुलीचं ते गिचमिड अक्षर तेलात पसरलं होतं. असल्या घाणीतून उचलून ही पोरगी भाग इंजिनात बसवणार! साहेबांना राहवेना. त्यांनी टबात रॉकेल ओतलं, दहाही कॅपा त्यात लोटल्या, आणि पुठ्ठा दोन बोटांच्या चिमटीत धरून दारात आलेल्या कचऱ्याच्या गाडीत टाकला.

एक गोष्ट सांगायला हवी. कॅप आणि खालचं इंजिन मिळून होणारं भोक कारखान्यात पाडतात ते कॅप जागेवर आवळूनच. त्यामुळे प्रत्येक कॅप फक्त तिच्याच जागी बसते. शेजारच्या जागी ठेवली तर दिसायला तशीच, पण शाफ्टला फिरू देत नाही. साहेबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. उलट, त्यांच्या कारखान्यात असे जोडीचे भाग आले की दोन्हींवर नंबर ठोकलेला असायचा. नंबर नसलेला भाग त्यांच्या टेबलापर्यंत पोचायचाच नाही. तेव्हा इथेही नंबर असणारच, फक्त घाणीखाली असेल, हे त्यांनी गृहीतच धरलं. पहिल्याच कॅपवर रॉकेलखाली काहीतरी अक्षर दिसलं आणि ते निर्धास्त झाले.

दात घासायच्या ब्रशने त्यांनी अकरापर्यंत दहाही कॅपा लख्ख केल्या. मग नंबर वाचायला बसले. पहिलीवर जे अक्षर होतं तेच दुसरीवर होतं. तिसरीवरही तेच, दहावीवरही तेच. तो ओतकामाच्या साच्याचा शिक्का होता. इंजिनावरही नंबर नव्हता. साहेबांनी दहाही कॅपा पुन्हा एकदा उलटून पाहिल्या.

पुढचे चार तास त्यांनी भिंग आणि मायक्रोमीटर घेऊन काढले. इंजिनावरचे बारीक ओरखडे आणि कॅपांवरचे ओरखडे जुळतात का ते पाहिलं. सहा जुळल्या, अगदी शपथेवर सांगाव्यात अशा. उरलेल्या चार मात्र जुळ्या बहिणींसारख्या, काही केल्या पत्ता लागू देईनात. तीन वाजत आले तेव्हा साहेबांनी त्या चार अंदाजाने लावल्या. शर्टाच्या खोक्याचा कोरा पुठ्ठा घेतला, पट्टीने रेघा मारल्या, तपासणीच्या वहीत लिहायचे तशा मोत्यासारख्या अक्षरात ‘डावीकडून पहिली’, ‘डावीकडून दुसरी’ असं लिहिलं आणि कॅपा मांडल्या. ‘माझ्याकडून चूक झाली’ हे वाक्य त्यांनी दोनदा मनात म्हणून पाहिलं. आयुष्यात कधी वापरलं नव्हतं. ते तोंडाशी येऊन अडकायचं.

मुलगी आली आणि पुठ्ठा बघून उभीच राहिली. बराच वेळ बघत होती. फोन काढून तिने पुठ्ठ्याचा फोटो काढला, कोपऱ्यातलं स्टूल पुसून त्यांच्यासाठी पुढे ठेवलं, आणि मग एकेक गोष्ट त्यांना विचारून करू लागली. आधी खालचे भाग न घालता नुसता शाफ्टच बसवून हाताने फिरवून बघू का, बोल्ट मधल्यापासून कडेकडे आवळत जाऊ का. सगळं बरोबर होतं. साहेब नुसते हुंकार देत होते. तिचे हात त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. एकही हालचाल वाया जात नव्हती, आणि नापास करावं असं त्यांना काही सापडत नव्हतं.

पहिला शाफ्ट दोन बोटांनी गरगर फिरला. साहेबांनी सोडलेला श्वास तिलाही ऐकू गेला असावा. दुसरा पाव फेरा फिरला आणि अडकला.

तिने बोल्ट सैल केले, पुसले, पुन्हा आवळले. पुन्हा तिथेच अडकला. तिचा चेहरा उतरला. थोडा वेळ विचार करून तिने भिंतीवरचा लांब पाना काढला. नवा भाग आहे, जरा घट्ट असेल, एकदा जोर लावून फिरवला की बसेल, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि पाना शाफ्टला लावला.

पुढे काय होणार ते साहेबांना डोळ्यांसमोर दिसत होतं. शाफ्ट अॅल्युमिनियम सोलून काढणार. असलं हेड, म्हणजे इंजिनाचा हा वरचा भाग, आता जगात कुठे मिळत नाही. गाडी भंगारात, आणि सहा वर्षं तिच्याबरोबर.

“जोर लावू नकोस,” ते म्हणाले. “कॅपा बघ आधी.”

“कॅपा तुम्ही लावल्यात बाबा, त्या बरोबरच असणार,” ती म्हणाली. “चूक माझीच आहे. मीच काहीतरी घाण केली असणार.”

ती चिडून बोलली नव्हती, टोमणाही नव्हता. आपलं वय सांगावं, पत्ता सांगावा, इतक्या सहज म्हणाली. आपलंच वाक्य तिच्या तोंडून ऐकून साहेब स्टुलावर पुढे सरकले. तिने पान्यावर दुसरा हात ठेवला.

“थांब,” ते म्हणाले. “त्या मी धुतल्या. सगळ्या एका टबात. तुझा पुठ्ठा फेकून दिला. नंबर असतील असं वाटलं, नव्हते. सहांची खात्री आहे, या शाफ्टच्या चार अंदाजाने ठेवल्यात.”

मुलीने पाना काढला. बॅटरी घेऊन शाफ्टखाली बघितलं. ओरखडा उठला नव्हता. मग शुक्रवारी कॅपा मांडल्यावर फोनवर काढलेला फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा करून एकेक कॅप बघितली. फोटोत दहा कॅपांना दहा तऱ्हेचे काळे डाग होते. ही कॅप कुठली, ती कुठली, हे त्या डागांवरून आंधळ्यालाही कळलं असतं. समोरच्या दहा कॅपा आरशासारख्या चकचकीत होत्या.

तिने फोन खिशात ठेवला. आता चार कॅपा आलटून पालटून लावत बसावं लागेल, चोवीस तऱ्हा होतात, दोन दिवस जातील, पण होईल, असं तिने हिशेब करून सांगितलं. आवाज चढवला नाही. साहेबांना वाटलं, आता तरी बोलेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

बोल्टला पाना लावता लावता ती थांबली.

“पुठ्ठा बघून मला वाटलं, माझं काम तुम्हाला पहिल्यांदाच पसंत पडलं,” ती म्हणाली. “आईलासुद्धा फोटो पाठवला मी.”

आणि ती बोल्ट सैल करू लागली. रिजेक्टसाहेब स्टुलावर बसून होते. आयुष्यभर किळस आली की ते नाक मुरडून उठून जायचे. आज जिची किळस आली होती ती वस्तू स्टुलावरच बसलेली होती, आणि तिच्यापासून उठून जायला त्यांना जागा सापडत नव्हती.