सारस होऊन पाहणारी रोशनी

मित्रमैत्रिणींनो, शाळेतून येऊन बराच वेळ झाला, पण माझं मन अजून धानाच्या बांधीतच, त्या पाणी साठवलेल्या शेतातच उभं आहे. एका मुलीला कोणत्या पायरीवर बसवू, तेवढं सांगा.

आमची शाळा कामठ्याकडच्या एका खेड्यात. आज मी पाचवीला सारस पक्षी शिकवत होते. प्रशिक्षणात सांगतात तसे चढत्या पायरीचे प्रश्न काढले होते: आधी आठवा, मग समजून सांगा, मग वापरून दाखवा, सगळ्यात वर स्वतःचं काही रचा. रोशनी पाठांतरात अडते, म्हणून तिला मी पहिल्याच पायरीवर ठेवलेलं.

शेवटचा प्रश्न हुशार मुलांसाठी होता. "सारसानं तुमच्या बांधीत घरटं केलं तर काय कराल?"

"फोटो काढू!" "वनविभागाले सांगू!"

रोशनी मात्र उठून खिडकीशी गेली. एक पाय दुमडला, मान उंच केली, डोळे मिटले.

"काय करून राहिली गं?"

"थांबा ना मॅडम, मी सारस होऊन पाहून राहिली." मग हळूच म्हणाली, "खाली माहे अंडे आहेत. तुम्ही सगळे बहुतच जवळ येऊन राहिले."

वर्ग आपोआप मागे सरकला. मग एकेकानं पाय दुमडला. मीही. बाहेर धान हलत होतं, आणि क्षणभर आमच्याही पायाखाली पाणी होतं.

मुख्याध्यापक दारात आले. "काऊन मॅडम, साऱ्यायले शिक्षा देऊन राहिल्या का?"

मी डोळे न उघडताच म्हटलं, "नाही सर. शिकून राहिलो."