झोपेतलं बाळंतपण

आमच्या गावात बायका जमल्या की हमखास बाळंतपणाच्या गोष्टी निघत. कुणी दोन दिवस कळा सोसलेल्या, कुणी रानात बाळंत होऊन पोर ओच्यात घेऊन घरी आलेली. माझी पाळी आली की माझ्या सासूबाई माझ्याआधी बोलत. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो.

"तिला काय इचारता? ती झोपली हुती."

ते खोटं नव्हतं. मूल आडवं आलं आणि सुईणीने हात टेकले, तेव्हा मामंजींनी मला गाडीत घालून कडा गावावरून सरहद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखातल्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. वाटेत करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाच्या शिपायाने गाडी अडवून विचारलं, "माल काय हाय?" मामंजी त्याला जे म्हणाले ते मी इथे लिहीत नाही. दवाखान्यात गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी नाकावर औषधाचा रुमाल धरला. जागी झाले तेव्हा मुलगी शेजारी होती आणि बेंबीखाली वीतभर शिवण होती. परतताना त्याच शिपायाने पुन्हा माल विचारला. मामंजींनी दुपटं उघडून दाखवलं. पोरीवर जकात नव्हती, सोडलं त्याने.

शिवण बाईंनी सरळ घातली होती, पण आत ती कुठेतरी भलत्याच ठिकाणी धरली असावी. फळीवरचं पातेलं काढायला हात वर केला की ओढ बसे. उन्हाळ्यात खाज, थंडीत ठणका, आणि मधला बोटभर भाग असा बधिर की चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटावा. खोकताना, शिंकताना, हसताना पोटावर हात धरावा लागे, म्हणून मी हसणंच कमी केलं. त्यामुळे फार मर्यादशील सून म्हणून माझं नाव झालं.

सगळ्यात वैर लुगड्याच्या गाठीशी. गाठ नेमकी वणावर बसायची आणि दिवसभर रुतायची. शेवटी मी ती डाव्या बाजूला घ्यायला लागले. आत्याबाईंनी त्याला नखरे म्हटलं. गावातल्या चार तरण्या सुनांना मात्र ती दवाखान्यातली नवी रीत वाटली आणि त्यांनीही गाठी डावीकडे नेल्या. माझ्या दुखण्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, पण त्याची फॅशन झाली.

जात्यावर बसले की थोड्याच वेळात आतून दोरा ओढल्यासारखं होई. हात थांबला की आत्याबाई विचारत, "कावून थांबलीस?"

"दुखतंय."

"झोपेतल्या बाळतपनाला कसलं गं दुकनं? मी सात केली, कदी हूं का चूं केलं न्हाई."

मला औषध नको होतं. त्यांनी एकदा आपणहून 'दुखतंय का गं' असं विचारावं, एवढंच हवं होतं. उत्तर तयार होतं. दळताना मी ते मनात घोळवत असे. वर्षागणिक ते लांबत गेलं आणि त्यात अधूनमधून आत्याबाईंच्या माहेराचाही उद्धार होऊ लागला.

मुलगी सासरी गेली त्या वर्षी आत्याबाई अंगणात पडल्या. कंबर धरली. अंघोळ घालायचं माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी त्या लुगडं सोडूच देईनात. घट्ट धरून बसल्या. पाणी निवायला लागलं तेव्हा कुठे हात सैल झाला. आत कमरेला नाडी होती. नाडीला जुन्या लुगड्याची पट्टी, आणि पट्टीत धुऊन धुऊन मऊ झालेला चिंध्यांचा बोळा. त्यांचं अंग बाहेर येत होतं, गर्भाची पिशवीच खाली उतरली होती.

"कवापासून, आत्याबाई?"

"तिसऱ्यापासून," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "कुनाला सांगू नगंस."

तिसऱ्या बाळंतपणानंतर आणखी चार. तेवढ्या खुरपण्या, तेवढं दळण. मला पहिल्यांदा रागच आला. इतकी वर्षं स्वतः बोळा बांधून हिंडली ही बाई आणि मला झोपलेली म्हणत राहिली. मग रडू आलं, ते मी तोंडावर पाणी मारून धुतलं.

पट्टी बदलली. लुगडं नेसवलं आणि हाताच्या सवयीने गाठ डावीकडे घेतली. त्यांनी ती चाचपली.

"हिकडं कावून?"

"पोटावर दाब येत न्हाई."

त्यांना काखेत धरून उठवताना मला ओढ बसली, आणि हात आपसूक पोटाकडे गेला. आत्याबाई त्या हाताकडे बघत राहिल्या.

"दुखतंय का गं?"

पंधरा वर्षांचं उत्तर जिभेवर होतं, त्यांच्या माहेरासकट.

"न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "तुमाला?"

"मलाबी न्हाई."