निमगाव केतकीत फुमिए आजी

पुण्याहून निघताना गाडीतला रेडिओ सतत सीमेवरच्या हल्ल्यांच्या बातम्या देत होता. शेजारी फुमिए आजी होत्या. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा त्या सहा वर्षांच्या. त्यांचा नातू बारामती एमआयडीसीत इंजिनिअर आहे. त्याचा सहकारी विलास सोनवणे याने आजींना आपल्या गावी, निमगाव केतकीला, बोलायला बोलावलं होतं आणि दुभाषी म्हणून मी सोबत होते.

एमआयडीसीत विलासला घ्यायला थांबलो, तेवढ्यात हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा सुरू झाला. मोटरसायकली जागच्या जागी थांबल्या. मी आजींचा हात घट्ट धरला.

"मला भोंग्याची भीती नाही," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी धोका टळल्याचा भोंगा झाला, म्हणून तर आम्ही बाहेर खेळायला गेलो."

लासुर्णे गाव मागे पडलं. आधी ऊस, मग निमगाव जवळ आलं तसे हिरवेगार पानमळे.

विलासच्या आईने गरम माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) दिलं. आजींनी ते पुन्हा मागून घेतलं. विलासचे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, ते मात्र जेवलेच नाहीत. धाकटा मुलगा फौजेत, सीमेवर. कालपासून त्याचा फोन लागत नव्हता.

बुद्धविहारासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये माणसं दाटीवाटीने बसली होती. आजी हळू आवाजात सांगत होत्या. थोरल्या बहिणीला साधं खरचटलंही नव्हतं. काही दिवसांनी तिचे केस गळू लागले. आई रोज सकाळी तिच्या उशीवरचे केस गोळा करून लपवायची. एके दिवशी लपवायला काही उरलं नाही.

तेवढ्यात मागून एक तरुण उठला. "हे तिकडं जाऊन सांगा की! आपल्याकडंबी हाय बॉम्ब. एकदाच टाकून मोकळं व्हायचं!"

टाळ्या पडल्या. मी अडखळले.

"सगळं सांग," आजी म्हणाल्या. "काही गाळू नकोस."

मी सगळं जपानीत सांगितलं. त्या काही बोलायच्या आत तात्या उभे राहिले. सभा मोडते की काय, असं मला वाटलं.

"माझं पोरगं तितं हाय," ते त्या तरुणाला म्हणाले. "तू म्हणतोस तसं झालं, तर आमी त्याचं काय गोळा करायचं? केसबी गावायचं न्हाईत."

टाळ्या कुठल्या कुठे गेल्या. तात्या आजींकडे वळले. "माई, ज्यांच्या हातात हे हाय, त्या मोठ्या लोकांना तुमी कधी सांगितलं का?"

"सांगितलं. मोठमोठ्या देशांचे प्रमुख आमच्याकडे येतात. एकाने माझा हात हातात घेतला, डोळे पुसले. मी विचारलं, तुमच्याकडचे बॉम्ब कधी मोडणार? त्याच्या दुभाष्याने त्याला नुसतं 'आजी आभार मानतात' असं सांगितलं. तेवढं इंग्रजी मला कळत होतं."

मी ते मराठीत सांगितलं, काही न गाळता. तरुण खाली बसला. पटलं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

संध्याकाळी आजींना बारामतीत नातवाकडे सोडायला निघालो. वाटेत गावाहून विलासचा फोन आला. भाऊ बोलला होता, सुखरूप होता. मागून तात्यांचं रडणं ऐकू येत होतं.

मी आजींना सांगितलं. त्यांनी हात जोडले. मग विचारलं, "आणि सीमेपलीकडच्या मुलाचा? त्याच्याही घरी आला असेल का गं फोन?"

पुण्याला पोचेपर्यंत मी बऱ्याच देशप्रमुखांचे चेहरे आठवून पाहिले. हा प्रश्न जसाच्या तसा यांना कोण सांगत असेल?