बाविसावं पाकीट

डॉक्टरीणबाईंना काकू पहिल्यांदा दिसल्या त्या पोस्टातल्या काचेपलीकडे. बाईंच्या हातात पुस्तकांचं पार्सल होतं, मागे लांब रांग होती, आणि समोर ही ठेंगणी, करड्या केसांची कारकून पार्सल काट्यावर ठेवून आकड्याकडे नुसती बघत बसली होती. आकडा तर केव्हाच आला होता. रांगेतून कोणीतरी पुटपुटलंही, की कारकूनबाईंना वाचता येत नाही वाटतं. काकूंनी पार्सल उचललं, काट्यावर हलकी फुंकर मारली, पुन्हा ठेवलं. मग तिसऱ्यांदा.

"पहिला आकडा घाईचा असतो," मान वर न करता त्या म्हणाल्या. वजन लिहिलं, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "पोचलं."

पार्सल अजून काउंटरवरच होतं. पण त्या एका शब्दात अशी काही खात्री होती की डॉक्टरीणबाईंनी पुन्हा कधी त्या पार्सलाची चौकशी केली नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, डॉक्टरीणबाईंचं संशोधन सुरू झालं. विषय असा की त्यांची स्वतःची आईच म्हणायची, "चारचौघांत विचारलं तर मूत्रपिंडाचं काहीतरी करते म्हणून सांग." हसताना, खोकताना, काही जड उचलताना ज्यांची लघवी नकळत गळते अशा चाळिशीपुढच्या बायकांना ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा व्यायाम शिकवायचा, आणि तीन महिन्यांनी गळणं कमी होतं का, जगणं बदलतं का, ते पाहायचं. तुलनेसाठी हा त्रास नसलेल्या साठ बायकाही हव्या होत्या. त्या जमेनात, तेव्हा रुग्णालयातल्या परिचारिकांनी, स्वयंपाकघरातल्या दोघींनी, लिफ्टवालीनेही फॉर्म भरले. फॉर्मवर नावं नव्हती, फक्त क्रमांक. नावांची यादी मोहोरबंद होऊन कार्यालयाच्या कपाटात गेली होती.

फॉर्म भरला की तासाभराची चाचणी असे. वजन केलेलं पॅड लावायचं, अर्धा लिटर पाणी प्यायचं, चालायचं, जिने चढायचे, दहा वेळा खोकायचं, जमिनीवरच्या वस्तू वाकून उचलायच्या, गार पाण्याखाली हात धुवायचे. मग पॅड पाकिटात घालून पुन्हा वजन. घामाचा म्हणून एक ग्रॅम सोडून द्यायचा. उरलेलं वजन म्हणजे गळलेली लघवी.

हे वजन करायला माणूस हवं होतं. सूचनाफलकावर डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लावली: अचूक वजन करणारी आणि कमी बोलणारी व्यक्ती हवी. चौथ्या दिवशी काकू दारात उभ्या. तेहतीस वर्षं नोकरी करून, गुडघ्यांच्या दुखण्यामुळे दोन वर्षं आधीच निवृत्त झाले, असं त्यांनी सांगितलं. दोन मजले मात्र त्या कठड्याला हात न लावता चढून आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आलं, आणि त्या ते लगेच विसरूनही गेल्या.

काकूंची कामाची रीत पोस्टातलीच. पाकीट त्या दोन बोटांच्या चिमटीत धरत नसत. दोन्ही हात पुढे करून घेत, एखाद्याचं नाजूक पार्सल घ्यावं तसं. समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघत नसत. तीनदा वजन, एकदा नोंद, आणि मग, "पोचलं." पहिल्यांदा हे ऐकणारीला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने पायाला पाय घट्ट आवळून खुर्चीची कड धरली. काकूंनी तेव्हाही मान वर केली नाही.

सहा महिने असे गेले, आणि मग घोटाळा उघडकीला आला. "त्रास नाही" असं लिहिणाऱ्या साठ जणींपैकी अडतीस जणींची पॅड जड होती. कोणाचं दहा ग्रॅम, कोणाचं वीस, एकीचं तर पंचेचाळीस. त्रास नसलेल्या बायकांचा गटच उरला नाही, तर तुलना कशाशी करायची?

विभागाचे मोठे सर मिस्कील आणि करडे, दोन्ही होते. त्यांनी कागद चाळले आणि चष्मा कपाळावर चढवला. एका बाजूला साठ बायका आणि दुसऱ्या बाजूला एक काटा, असं म्हणून त्यांनी विचारलं, की इतक्या जणी एकदम खोटं बोलतील, की हा एकटा काटा?

"दोष काट्यात असेल, नाहीतर काट्यामागच्या माणसात," सर म्हणाले. "सोमवारी संशोधन समितीला कारण सांगा. नाहीतर हे इथेच थांबवू."

त्या कागदांत तयारीसकट डॉक्टरीणबाईंची दोन वर्षं होती. शनिवारी दुपारी, काय बोलायचं ते जिन्यात तीनदा घोकून त्या वजनाच्या खोलीत गेल्या आणि घोकलेलं सगळं विसरून सरळच म्हणाल्या, की काट्यावर संशय आहे.

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक लाकडी पेटी काढली. पोस्टात नवे काटे आले तेव्हा मोडीत निघालेली पितळी वजनं त्यांनी मागून घेतली होती. पन्नासचं वजन काट्यावर ठेवलं: पन्नास. उचललं, फुंकर मारली, पुन्हा ठेवलं. तिसऱ्यांदा ठेवलं. मग वीसचं. मग पाचचं.

"आता फॉर्म द्या," त्या म्हणाल्या.

पहिलाच प्रश्न त्यांनी मोठ्याने वाचला. "आपणांस मूत्र-असंयम आहे काय? हा शब्द कुठून आणलात?"

शब्द परिभाषेच्या कोशातून आला होता. डॉक्टरीणबाई समजावू लागल्या, की मूत्राशयावरचा ताबा सुटणं म्हणजे...

"ते तुमच्या पुस्तकात," काकू म्हणाल्या. "शाळेत आम्हाला संयमावर निबंध असायचा. ज्याला संयम नाही तो खादाड, उधळ्या, तोंडाळ. तुम्ही साठ बायकांना विचारलंत, बाई, तुम्ही असंयमी आहात का? त्यांनी लिहिलं, नाही. खोटं कुठे आहे त्यात? दुपारी चारनंतर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, दाराजवळची खुर्ची सोडायची नाही, नातवंड उचलायचं नाही, विनोद झाला की खाली बघायचं. एवढा संयम तुमचे सर तरी ठेवतील का?"

हे सगळं इतकं बारीक तुम्हाला कसं कळलं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकूंनी नोंदवही ओढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. क्रमांक बावीस. फॉर्मवर उत्तर: नाही. वजन: अठ्ठावीस ग्रॅम.

"तीनदा मोजलंय," त्या म्हणाल्या. "हे पाकीट माझं."

मग थांबत थांबत बाकीचं आलं. बायका जमेनात तेव्हा काकूंनीही एक फॉर्म भरला होता. गुडघ्यांना काहीच झालं नव्हतं. पोस्टाची रांग चार-चार तास तुटत नाही, खुर्चीवरून उठायची सोय नाही, म्हणून दोन वर्षं नोकरी शिल्लक असताना त्या घरी बसल्या. धाकटी बहीण पाच तासांच्या अंतरावर राहते. बस वाटेत एकदाच थांबते. नऊ वर्षांत काकू तिच्याकडे गेल्या नव्हत्या. बहिणीला वाटत होतं, आईचं शिवणयंत्र तिने नेलं म्हणून ताई रुसली आहे. शिवणयंत्राचा राग बरा, असं म्हणून काकूंनी ते तसंच चालू दिलं होतं.

"आयुष्यात चुकीचा आकडा लिहिला नाही मी," वही मिटत त्या म्हणाल्या. "उत्तर मात्र चुकीचं लिहिलं. सोमवारी सांगा सरांना."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी शब्दाची चूक समितीपुढे मांडली, पण बावीस क्रमांक कोणाचा ते सांगितलं नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की तर्क झकास आहे, पण एका तरी बाईने तसं कबूल केलंय का? दाराशी काकू काटा आणि पितळी वजनं घेऊन उभ्या होत्या; मागितली तर दाखवायला आणली होती. त्यांनी काटा टेबलावर ठेवला.

"मी केलंय," त्या म्हणाल्या. पोस्टात वजन सांगावं त्याच स्वरात.

सरांनी चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिले. मग कोणाला म्हणून नव्हे, असे बोलले, "माझी आई माझ्याकडे राहायला कधी आली नाही. आम्ही समजत होतो, तिला सून पसंत नाही."

संशोधन थांबलं नाही. फॉर्म नवा झाला. कोशातला शब्द गेला. त्या जागी साधं वाक्य आलं: कधी नकळत कपडे ओले होतात का? त्याखाली काकूंच्या सांगण्यावरून आणखी एक प्रश्न: त्यामुळे काय करायचं सोडलंत? उत्तराला दोन ओळी ठेवल्या होत्या. त्याच साठ जणींना पुन्हा बोलावलं. पहिल्याच दिवशी फॉर्म पाठपोट भरून परत आले.

ते वाचताना डॉक्टरीणबाईंचा चहा निवून गेला. एकीने गाण्याच्या मंडळातली पहिली रांग सोडली होती, मग दुसरी, मग मंडळच. एक शिक्षिका अकरा वर्षं तिसऱ्या तासाला मुलांना शुद्धलेखन घालत होती, म्हणजे वर्गाबाहेर पटकन जाता यावं. मुलांचं शुद्धलेखन फार सुधारलं, असंही तिने लिहिलं होतं. एकीने फिकट रंग सोडले होते, एकीने नवऱ्याजवळ झोपणं. आणि वळणदार अक्षरात एकीने लिहिलं होतं: "हसणं. हळूहळू सोडलं, म्हणून घरात कोणाच्या लक्षात आलं नाही."

सहा महिने या बायका चाचणीसाठी थांबताना एकाच बाकावर, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. प्रत्येकीला वाटत होतं, एवढ्यांत मी एकटीच. डॉक्टरीणबाईंनी शरीर उघडून आतलं सगळं पाहिलं होतं. पण इतकी माणसं इतकं मोठं काही इतक्या शांतपणे घेऊन हिंडत असतील, हे त्यांनी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. काटा तेवढा ते सहा महिने सांगत होता, आणि त्यांना काटाच बिघडलेला वाटला होता.

व्यायाम अडतीस जणींनीही मागून घेतला. तो तरी काय, बाहेरून दिसतसुद्धा नाही. लघवी थोपवावी तसा आतला स्नायू आवळायचा, दहा आकडे धरायचा, सोडायचा. दिवसातून तीन खेपा. काकू वही पुढ्यात घेऊन, चेहरा तसाच कोरा ठेवून हे करत. करताहेत हे फक्त त्यांच्या ओठांवरच्या आकड्यांवरून कळे. कोणी कधी न दाखवलेला, कोणी नाव न घेतलेला एक स्नायू, आणि तो हाक मारली की येतो, याचं डॉक्टरीणबाईंना अजूनही नवल वाटतं.

तीन महिन्यांनी बावीस क्रमांकाचं पाकीट डॉक्टरीणबाईंनी स्वतः काट्यावर ठेवलं. तीनदा. कोऱ्या पॅडपेक्षा चार ग्रॅम जास्त भरलं. एक घामाचा सोडला तर तीन.

"अगदी शून्य नाही आलं," त्या जरा चाचरत म्हणाल्या.

"तीन आहे तर तीन लिहा," काकू म्हणाल्या. "लिहिलंत? पोचलं."

काकू अजून त्याच खोलीत वजनं करतात. शनिवारी मात्र येत नाहीत. सकाळची सातची बस धरून त्या बहिणीकडे जातात, आणि रविवारी संध्याकाळी परततात.