काळ्या पोटाचो भुंगेरो

आई गेली तेव्हा तिच्या परसातल्या तवशाचं बी मी पदरात बांधून मालवणात आणलं. तवसं म्हणजे मोठी काकडी. चतुर्थीला गणपतीवर फळं-पानं टांगायच्या लाकडी चौकटीत, माटवीत, ते टांगायलाच लागतं, आणि आमच्या माटवीत दर वर्षी ह्याच बियांचं असतं. यंदा पाणी साचून रोपं कुजली, एकच वेल वाचली. तीही गेली असती तर आईचं बी संपलं असतं.

श्रावणात नेमके त्या वेलीवर लाल भुंगेरे बसले. पानांची चाळण केली मेल्यांनी! मी चुलीतली राख घेऊन निघाले, तर आमचे हे आडवे आले. हे निवृत्त मास्तर, विज्ञानाचे. एक भुंगेरा उलटा करून भिंगाखाली धरलेला.

"अगो थांब! ह्येचां पोट काळां आसा." मग शास्त्र निघालं, तसे हे पुस्तकी मराठीत शिरले. "कूळ पानभुंगेऱ्यांचंच. पण जात वेगळी दिसते. कदाचित नवीनच."

"नवीन असो नायतर जुनो, खाता माझीच वेल!"

पण ह्यांचा चेहरा बघितला. जन्मभर दुसऱ्यांनी ठेवलेली नावं फळ्यावर लिहिली ह्या माणसानं. ठेवली राख खाली. ह्यांनी फोटो काढून पुण्यातल्या जुन्या विद्यार्थ्याला पाठवला, तो किड्यांचा तज्ज्ञ. उत्तर येईपर्यंत भुंगेऱ्यांची पंगत चालू राहिली.

उत्तर आलं. "सर, हा काकडी-भोपळ्यावरचा नेहमीचाच. वरून लाल, पोट काळं, असाच असतो तो." इतकी वर्षं ह्यांनी शिकवलं, पण भुंगेरा उलटा करून कधी बघितला होता?

हे त्या दिवशी धड जेवले नाहीत. मी जेवले, रागानं दोन घास जास्तच. वेलीच्या नुसत्या शिरा राहिल्या होत्या आणि एक वाकडं तवसं. माटवीत बाजारातलं टांगलं, जिवावर आलं तरी. वाकडं बियाण्यासाठी वेलीवरच ठेवलं. मग रोज उजाडताच, भुंगेरे सुस्त असताना, हे एकेक वेचून साबणाच्या पाण्यात बुडवायचे. मी सांगितलं नव्हतं.

काल ते पिकलेलं तवसं फोडलं. बी मी राखेत घोळवत होते, तर हे शेजारी येऊन बसले.

"ह्या तवशाचां नाव काय गो?"

"नाव कसलां? माझ्या आवशीचां तवसां."

ह्यांनी भिंग काढलं. एक बी न्याहाळलं, उलटं करूनही बघितलं.

"ही जात खंयच्याच पुस्तकात नाय," म्हणाले.

मला रडूच फुटलं. डोळे पुसून म्हटलं, "पुण्याक मात्र फोटो धाडू नकात."