काशीला सोडलेला गूळ

शैला, इकडे ये, अशी जवळ बैस. तू अमेरिकेत आणि मी भाईंदरला, तेव्हा या कागदावरच बैस, पण ऐक. कान पिळायचाय तुझा. लहानपणापासून इन्सुलिन टोचून घेतेस, एक वेळ चुकवली नाहीस, त्याचं मला कौतुकच आहे. पण आता तिकडचे डॉक्टर म्हणतात की इंजेक्शनांनी भागत नाही, झोपेत साखर फार खाली जाते, कमरेला छोटं मशीन लाव, ते नळीतून थोडं थोडं इन्सुलिन देत राहील. आणि तू लिहितेस, मावशी, माझा नेम माझ्या हातात आहे, मशीनच्या हवाली कशी होऊ? अगं, हे बोलणं मी ओळखते. माझंही असंच होतं. म्हणून आजवर घरातही धड न सांगितलेलं तुला सांगते.

गिरगावातली खोली सोडून आम्ही इथे आलो, त्याच्या आधीपासून मला मधुमेह. तेव्हा गोळ्यांवर भागायचं. इथे आल्यावर आम्ही काशीला जाऊन आलो. काशीला गेलं की आवडीचं काहीतरी कायमचं सोडून यायचं, ही आपली रीत. मी साखर आणि गूळ सोडला. तुझे काका म्हणाले, "डॉक्टरने काढून घेतलेलंच देवाला दिलंस. भलतीच हुशार आहेस." पण खरं सांगते, त्या नेमाने मला बळ आलं. सोसायटीत कुणाकडे सत्यनारायण असला की शिऱ्याचा प्रसाद मी कपाळाला लावायचे आणि शेजारणीच्या हातावर ठेवायचे. बायका म्हणायच्या, काय हा निग्रह. ते ऐकायला मला गोड लागायचं. तेवढं गोड मी सोडलं नव्हतं.

पुढे गोळ्या पुरेनाशा झाल्या आणि इन्सुलिन सुरू झालं. काचेची सिरिंज उकळायची, मांडीत टोचायचं, सगळं शिकले. डॉक्टरांनी बजावलं होतं, टोचल्यावर अर्ध्या तासात खायचं, आणि घाम फुटून हातपाय कापायला लागले तर आधी साखर तोंडात टाकायची. मी मान हलवली. नेमाचं त्यांना सांगितलंच नाही. मनात म्हटलं, देवासाठी सोडलंय, तो बघेल. शिवाय पूजेआधी अन्न न घेण्याची सवय होतीच.

एका सकाळी टोचून घेतलं आणि बघते तर देवाला फूल नाही. आत्ता येते म्हणून केबिन रोडला गेले. फुलवाल्याकडे गर्दी. हार बांधून होईपर्यंत पाठ घामाने भिजली, समोरच्या दुकानांच्या पाट्या पुसट झाल्या आणि मी तिथल्याच एका पायरीवर बसले. काय होतंय ते मला कळत होतं. "शुगर है, सुई लिया है," एवढं कसंबसं म्हणाले. फुलवाल्याने शेजारच्या चहावाल्याकडून साखरेचं पाणी आणलं. "माताजी, पी लो." मी ओठ मिटले, मान फिरवली. "छोड़ा है," म्हटलं. तो बिचारा पेला धरून उभा. मला भीती वाटत नव्हती, याचं आज नवल वाटतं. वाटत होतं, मरण आलं तरी नेम राहील.

तेवढ्यात एक बाई माझ्यासमोर उकिडवी बसली. इथल्याच गोडदेव गावची जुनी रहिवासी असावी, गावदेवीला जाऊन येत होती, हातात प्रसादाचं ताट. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, हिरव्या बांगड्या तेवढ्या दिसत होत्या.

"काय सोरलंस गो बाय?"

"साखर. गूळ."

"कोनाला?"

"काशीच्या विश्वनाथाला."

"मंग ह्यो त्याचेच बायकोचा परसाद हाय. घरान कोनाला काय द्याचा ता बायको बघतं, त्याला कशाला इचारतेस?"

मला हसू आलं गं. हसायला ओठ उघडले, आणि तिने गूळखोबरं आत सारलं.

मी चावत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. हळूहळू समोरच्या पाट्या वाचता यायला लागल्या. ती फुलवाल्यावर खेकसत होती, "बघत काय ऱ्हायलास, रिक्षा आन." मला रिक्षात बसवेपर्यंत "माझा भात ऱ्हायलाय चुलीवर" म्हणत ती निघूनही गेली. नंतर खण-नारळ घेऊन मी गोडदेवला तिला शोधायला गेले. हिरव्या बांगड्यांच्या बायका तिथे घरोघरी. मग खण देवीलाच दिला. ती कोण होती, याचा खल मी करत नाही. वेळेवर आली.

तेव्हापासून आधी पोळीभाजी, मग पूजा. तुझ्या काकांनी विचारलं, काशीच्या नेमाचं काय? म्हटलं, ते त्या नवरा-बायकोने आपसात मिटवलं.

सोडणं सोपं असतं, शैला, कारण सोडणारी मीच असते. दिलेलं घेताना मात्र तोंड उघडावं लागतं, आणि तिथे माझं काही चालत नाही. तुझा नेम जगण्यासाठी होता ना? मग आता जगण्यासाठीच तो त्या मशीनच्या हवाली कर. पर्समध्ये गूळ ठेव, मीही ठेवते. आणि मशीन लावलंस की लवकर ये. मला ते बघायचंय, आणि गोडदेवच्या देवीलाही दाखवायचंय.