फ्रीज आणि भिंतीमधली वीत

शिवणवालीच्या घरात मार खाण्याची जागा ठरलेली होती. स्वयंपाकघर हातभर. नवऱ्याने खांदे धरून ढकललं, की तिची पाठ जाऊन आदळायची ती फ्रीजवरच. सासू बाहेरच्या खोलीतून ओरडायची, "अगं, भिंतीकडे तरी हो! फ्रीज काय फुकट आलाय?"

त्यात फ्रीज थंड करेनासा झाला. दूध नासलं, मार. पाणी कोमट निघालं, पुन्हा मार. काल तर भुवई फुटली. आज ट्रकवर जाताना नवरा सांगून गेला, "संध्याकाळी पाणी गार नसेल तर तुलाच त्या फ्रीजमध्ये कोंबीन." बोलेल ते करणारा माणूस.

तिने मशीनवरचं काम अर्धवट टाकून मेकॅनिकला बोलावलं. त्याने दारात कागद अडकवून ओढून पाहिला. रबर घट्ट होतं. आतलं बटण फिरवून पाहिलं. मग फ्रीज पुढे ओढला आणि हसला.

"ताई, काही बिघडलेलं नाही. मागची जाळी भिंतीला चिकटलीये. आतली गरमी तिथूनच बाहेर पडते. वीतभर तरी जागा सोडा. याला मागे ढकलतं कोण?"

तिने केस भुवईवर ओढले. "मीच."

पाठीनेच की, तिच्या मनात आलं.

दिवेलागणीपर्यंत बाटल्यांना घाम फुटला. शिवणवालीने गारेगार बाटलीला गाल लावला आणि तिला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

नवरा आला. "अहो, गार आहे बघा," तिने पेला पुढे केला.

त्याने घोट घेतला, दात शिवशिवले तसा पेला तिच्या अंगावर भिरकावला. "एवढं गार? घसा बसवतेस काय माझा, भवाने?"

म्हणजे पाण्याचं कधी काही नव्हतंच. एवढं तिला कळलं, तोवर त्याची मूठ आली. शिवणवाली रोज जिथे उभी राहायची, तिथून बाजूला झाली. बस, एवढंच केलं. सगळ्या जोरानिशी मूठ फ्रीजच्या दाराच्या लोखंडी दांड्यावर बसली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. फ्रीज धाडकन भिंतीला भिडला आणि नवरा गुडघ्यांवर आला.

"बर्फ! बर्फ आण!"

सासू धावत आली. लेकाचा वाकडा झालेला हात बघून तिने छाती बडवली. "उभी काय राहिलीस, सटवे? दे ना बर्फ!"

शिवणवालीने वरचा कप्पा उघडून पाहिला. "अजून पाणीच आहे. आणि फ्रीज पुन्हा भिंतीला लागलाय, आता बर्फ जमायचाही नाही."

"मग ओढ की पुढे!" सासू ओरडली.

"तुम्ही ओढा."

"थांब, बघतोच तुला," नवऱ्याने डाव्या हाताने दांडा धरला, उठू लागला.

तिने मशीनवरची कापड कापायची जड कात्री आणली आणि टोक त्या मनगटावर टेकवलं. रक्ताचा एक थेंब वर आला.

"बसून राहा खाली," ती म्हणाली.

तो बसला.